फादर नेमका कोणत्या क्षणी फादर होतो?

अर्धवट_पुणेकर
गेल्या महिन्यात वसईला एका मित्राच्या धाकट्या भावाच्या गुरुदीक्षेला गेलो होतो. ख्रिस्ती धर्माशी आपला संबंध नाताळच्या केकापुरता, त्यामुळे शेवटच्या बाकांवर बसून नुसतं बघत होतो. मुलगा जमिनीवर पालथा पडला. बिशपने त्याच्या डोक्यावर हात ठेवले, मग हजर असलेल्या सगळ्या फादरांनी रांगेने येऊन ठेवले. झगा चढवला, तळव्यांना तेल लावलं, हातात चषक आणि तबकडी दिली, शेवटी गळाभेट.

शेजारच्या काकांना हळूच विचारलं, "झाला का हा फादर?" म्हणाले, "तेल लागलं की झाला." पुढच्या बाकावरच्या बाई वळून म्हणाल्या, "छे, चषक हातात आला की." दोघांची तिथेच जुंपली, मी गप्प.

तर जाणकारहो, नेमका क्षण कोणता? आणि हा सगळा विधी पहिल्यापासून असाच आहे, की मागाहून भर पडत गेली? चर्चा विधीच्या इतिहासापुरती ठेवू या. धर्मांतराचे धागे वेगळे आहेत आणि भरपूर आहेत.

कडक_चहा
वसईला जाऊन आलात आणि जेवणावर एक ओळ नाही. धागा बाद.

सुकेळी
काकाही चूक आणि बाईही चूक. डोक्यावर हात ठेवतात आणि त्यानंतर लगेच बिशप हात पसरून दीक्षेची प्रार्थना म्हणतात, तेवढ्यात सगळं आलं. पुढचं तेल, झगा, चषक हे दीक्षा झालेल्या माणसाला मिळतं. क्रम आठवून बघा, झगा प्रार्थनेच्या आधी चढवत नाहीत, नंतर चढवतात.

हात ठेवताना बिशप एक शब्द बोलत नाहीत. गायकवृंदसुद्धा गप्प असतो. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की मध्ये काहीतरी थांबलंय, फादर लोक रांग लावतायत, खरा कार्यक्रम पुढे आहे.

आमच्या घराण्यात फादर बरेच, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या गोष्टी आजीकडून ऐकल्यात. पूर्वी तेल लावलं की दोन्ही तळवे एकमेकांना जोडून पांढऱ्या कापडाच्या पट्टीने बांधत. नंतर ती तेलकट पट्टी आईला देत. ती आईने कपाटात जपून ठेवायची आणि ती गेली की शवपेटीत तिच्या हातात द्यायची. माझ्या पणजीबरोबर तशी एक पट्टी गेली आहे. हा मूळ विधीचा भाग नव्हे, रिवाज. पण आजीच्या लेखी दीक्षा म्हणजे ती पट्टीच.

ग्रंथकीटक
सुकेळीताईंनी उत्तर बरोबर दिलंय. गंमत अशी की हेच उत्तर त्यांच्या आजीच्या तरुणपणी एखाद्या सेमिनरीतल्या (फादर घडवणाऱ्या शाळेतल्या) प्राध्यापकाला विचारलं असतं तर तो अडखळला असता. कदाचित त्या पुढच्या बाकावरच्या बाईंच्या बाजूने उभा राहिला असता. जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात अगदी साधी आहे. नव्या करारात प्रेषितांची कृत्ये, तिमथ्याला लिहिलेली पत्रं, सगळीकडे एकच खूण दिसते, प्रार्थना करून डोक्यावर हात ठेवणे. तेल नाही, चषक नाही. दीक्षेचं वर्णन करणारा जो अगदी जुना ग्रंथ हाताशी आहे तो 'प्रेषितीय परंपरा'. रोमच्या हिप्पोलितच्या नावावर तो खपतो आणि साधारण इ. स. २१५ चा धरतात. तो खरंच त्याचा का, एकाच काळातला का, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण त्यातले बारकावे वाचण्यासारखे आहेत. बिशपची दीक्षा रविवारी, लोकांनी निवडल्यावर. याजकाच्या, म्हणजे फादरच्या, डोक्यावर बिशप हात ठेवतो आणि बाकीचे याजकही हात लावतात, कारण त्यांचा आत्मा सामायिक. डीकनच्या (याजकाच्या खालची पायरी) डोक्यावर मात्र एकटा बिशप, कारण डीकनची नेमणूक याजकपणासाठी नसते, बिशपच्या सेवेसाठी असते. म्हणजे अर्धवटराव, तुम्ही जी फादरांची रांग पाहिलीत, तिचा नियम साधारण अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. त्या मानाने तेल अलीकडचं.

त्याच ग्रंथात अजून एक भन्नाट नियम आहे. श्रद्धेपायी जो बेड्या घालून तुरुंगात राहून आला, त्याला याजक किंवा डीकन करताना हात ठेवायची गरजच नाही. तो मान त्याने सोसून मिळवलेला. बिशप करायचं असेल तर मात्र हात ठेवायचेच.

तळव्यांना तेल लावणं आठव्या शतकाच्या सुमारास गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये दिसू लागतं. राजांना अभिषेक करण्याची पद्धत तिथे मूळ धरते तोही हाच काळ. फ्रँक राजा पेपिनचा अभिषेक ७५१ चा. जुन्या करारातला याजक अहरोन आणि राजा दावीद दोघेही त्या मंडळींच्या डोक्यात होते. चषक आणि तबकडी त्याहून उशिरा, दहाव्या शतकात. ९५० च्या आसपास माइन्त्सच्या मठात बिशपच्या विधींची एक मोठी पोथी संकलित झाली. रोमचा आटोपशीर विधी आणि आल्प्सपलीकडचा भरजरी विधी त्यात एकत्र बांधले गेले. जर्मन सम्राट रोममध्ये येऊ लागले तशी ती पोथीही आली आणि रोमनेच ती आपली म्हणून स्वीकारली. रोमचा विधी रोमला परक्यांनी शिकवला, असा हा प्रकार.

पुढे १२९० च्या दशकात मांदचा बिशप गियोम द्युरां याने आपली पोथी रचली. ती इतकी पद्धतशीर होती की १४८५ ची पहिली छापील रोमन पोथी तिच्यावरूनच तयार झाली आणि थोड्याफार फरकाने तोच साचा १९६८ पर्यंत चालला. सुकेळीताईंच्या आजीने पाहिली ती हीच दीक्षा.

आता जेवून येतो. खरी भानगड १४३९ ची आहे.

कडक_चहा
बघा, हेही जेवायला गेले आणि मेनू सांगितला नाही.

तर्कटी
एक बाळबोध शंका. क्षण कुठला याने फरक काय पडतो? सगळंच एका कार्यक्रमात होतंय ना? बारा वाजून दहा मिनिटांनी झाला काय आणि वीस मिनिटांनी झाला काय.

सुकेळी
@तर्कटी, सगळं सुरळीत झालं तर काहीच फरक पडत नाही. पण समजा एखाद्याचा हात चषकाला लागायचाच राहिला. तो चाळीस वर्षं मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणतो, पापनिवेदनं ऐकतो. मग कोणीतरी म्हणतं, अहो तुम्ही फादर झालाच नव्हता! मग त्या चाळीस वर्षांचं काय? आणि तो पुढे बिशप झाला असेल तर त्याने दीक्षा दिलेल्यांचं काय? साखळी आहे ती. एक कडी सुटली की पुढचं सगळं लोंबकळतं.

ग्रंथकीटक
अगदी हेच. आणि हे काल्पनिक नाही.

१४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत आर्मेनियन चर्चशी एकीचा करार झाला. त्यात आर्मेनियनांना संस्कार समजावून सांगणारा एक भाग होता. तो बराचसा थॉमस अक्वायनसच्या एका छोट्या पुस्तिकेवरून उचललेला. त्यात साफ लिहिलं की याजकाची दीक्षा द्राक्षारस असलेला चषक आणि भाकरी असलेली तबकडी हाती देण्याने होते. डोक्यावर हात ठेवण्याचा तिथे उल्लेखच नाही!

झालं. पुढची पाचशे वर्षं सेमिनऱ्यांमध्ये हा खल चालला. एक पक्ष चषकवाला, एक हातवाला, एक 'दोन्ही पाहिजेत' वाला. व्यवहारात सगळे सावध, म्हणून दोन्हीही काटेकोरपणे करून घ्यायचे. बांधलेल्या हातांच्या पहिल्या दोन बोटांनी चषकाची वाटी आणि तबकडी दोन्हींना एकदम स्पर्श व्हायला हवा, हे बघायला शेजारी विधिप्रमुख उभा. स्पर्श झाला की नाही अशी शंका राहिली तर 'आधी झाली नसल्यास' असं म्हणून पुन्हा दीक्षा द्यायची. अशी प्रकरणं रोमपर्यंत जात.

दुसरी गुंतागुंत म्हणजे त्या विधीत हात एकदा नव्हे, तीनदा येत. पहिल्यांदा गप्प राहून डोक्यावर. मग लगेच सगळ्यांनी उजवा हात पुढे धरून. आणि तिसऱ्यांदा शेवटी, कम्युनियननंतर (भाकरी-द्राक्षारसाचा प्रसाद घेतल्यावर), 'पवित्र आत्मा घ्या, ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल...' हे शब्द म्हणत. हा तिसरा प्रकार मध्ययुगातला. त्यावरून काही पंडितांनी मांडणी केली की चषकाने मिस्साचा अधिकार मिळतो आणि या शेवटच्या हातांनी पापक्षमेचा.

कडक_चहा
म्हणजे मधला तासभर तो अर्धा फादर? मिस्सा म्हणू शकतो पण पापं ऐकू शकत नाही? शिकाऊ लायसन!

लॅटिनप्रेमी
हसण्यावारी नेताय, पण विधीतच ते दाखवलेलं होतं. जुन्या पद्धतीत झगा पूर्ण उलगडून देत नसत. मागचा भाग पाठीवर दुमडून पिनांनी अडकवलेला असे. नवा फादर संबंध मिस्साभर तसाच, बिशपबरोबर मोठ्याने शब्द म्हणत. शेवटी पापक्षमेचे शब्द झाले की बिशप स्वतः ती घडी सोडत आणि झगा पाठीवरून खाली येई. माझे वडील वांद्र्याला मिस्सासेवक होते. त्या पिना काढण्याचं काम त्यांच्याकडे असे. एक पीन अडकली की पंचाईत.

अजून एक. तेलाचे हात धुवायला पाण्याबरोबर पावाचा मगज ठेवायचा असं पोथीतच लिहिलेलं. ठिकठिकाणी जोडीला लिंबाच्या फोडीही असत, तेलाचा चिकटपणा जायला. आता टिश्यू पेपर.

पण ग्रंथकीटक यांच्या सुरावर माझा आक्षेप आहे. 'भर पडली', 'भरजरी', 'परक्यांनी शिकवला' या शब्दांमधून असं वाटतं की मूळ शुद्ध होतं आणि नंतर कचरा साठला. हजार वर्षं माणसं त्या खुणांतून काहीतरी समजत होती. शांतपणे हात ठेवणं सुंदर खरं, पण मागच्या बाकावरच्याला त्यातून काय दिलं गेलं ते कळत नाही. चषक बघितला की कळतं. तेल बघितलं की कळतं.

ग्रंथकीटक
@लॅटिनप्रेमी, कचरा म्हटलेलं नाही. उलट चषक का आला याचं जे स्पष्टीकरण सहसा देतात ते तुमच्या बाजूचंच आहे. फ्रँक आणि जर्मन मुलखात अधिकार द्यायचा म्हणजे हातात वस्तू द्यायची, अशी रीत होती. जमीन दिली तर मातीचं ढेकूळ, पद दिलं तर काठी किंवा अंगठी. त्या लोकांना नुसत्या प्रार्थनेने पद मिळालं हे पटणंच कठीण.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर फ्लॅट. घर आपलं होतं रजिस्ट्रार ऑफिसात सही-अंगठा झाला तेव्हा. बिल्डर चावी देतो ती नंतर. पण फोटो सगळे चावीचाच काढतात आणि स्टेटसलाही तोच टाकतात. फ्लॉरेन्सने केलं ते एवढंच की चावीलाच खरेदीखत म्हटलं.

अर्धवट_पुणेकर
हे समजलं बुवा! मग ही चूक निस्तरली कोणी आणि कधी?

कोट्टयम_टू_कल्याण
मी सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या जुन्या सिरियन परंपरेचा कॅथलिक, जन्म आणि शाळा कल्याणची, त्यामुळे मराठी चालवून घ्या.

चूक आहे हे दाखवून द्यायला आमच्यासारखेच कामी आले. पूर्वेकडच्या चर्चमध्ये, ग्रीक असोत, इजिप्तचे कॉप्ट असोत, सिरियन असोत, चषक हातात देऊन दीक्षा पूर्ण होते असं कधीच मानलं नाही. हात आणि प्रार्थना. आणि रोम तर या सगळ्यांच्या दीक्षा वैध मानत आलं आहे. मग चषकाशिवाय दीक्षा नाही हे कसं टिकणार? १६५५ मध्ये झाँ मोरँ नावाच्या फ्रेंच पंडिताने पूर्वेचे आणि पश्चिमेचे जुने दीक्षाविधी एकत्र छापले. शेजारी शेजारी ठेवल्यावर कोणालाही दिसेल असं होतं ते. त्यानंतर हातवाल्या पक्षाचं पारडं जड होत गेलं.

उपरोध बघा. १५९९ च्या उदयंपेरूरच्या परिषदेत गोव्याच्या आर्चबिशपने आमच्या केरळातल्या पूर्वजांच्या पोथ्या तपासल्या, जाळल्या, बदलल्या. पुढे लॅटिन बिशप आले, दीक्षाही लॅटिन पद्धतीच्या होऊ लागल्या. आमची पूर्व सिरियन पद्धत परत मिळायला विसावं शतक उजाडलं. म्हणजे ज्या पद्धतीच्या आधाराने रोमने स्वतःचा गोंधळ सोडवला, तीच आमच्याकडून काढून घेतली होती.

बार्देशकार
उदयंपेरूरचं नाव निघालं की आम्हां गोंयकारांनी मान खाली घालायची असते, घातली.

पण आमचीही एक गोष्ट ऐका. दिवाडी बेटावरचा मातेउस द कास्त्रो. गोव्यात स्थानिकांना वरच्या जागा देत नाहीत म्हणून रोमला गेला, तिथे शिकला, तिथेच दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये चक्क बिशप झाला. भारतातल्या लॅटिन चर्चमधला पहिला भारतीय बिशप. परत आला तर गोव्याचे पोर्तुगीज त्याला बिशप मानायला तयार नाहीत. मग त्याने काय करावं? सरळ हद्द ओलांडून आदिलशाहीत, डिचोलीला मुक्काम ठोकला आणि तिथे गोव्याच्या मुलांना दीक्षा देऊ लागला. आर्चबिशपने ज्यांना नाकारलं ते नदी ओलांडून याच्याकडे. पोर्तुगीजांनी काय आकांडतांडव केलं असेल कल्पना करा.

म्हणून मला हे चषक की हात फार गंभीरपणे घेता येत नाही. आमच्याकडे खरा प्रश्न हात कसे ठेवले हा नव्हताच. कोणाचे हात आणि कोणाच्या डोक्यावर, हा होता.

रानजाई
बार्देशकार, शेवटच्या वाक्याला टाळ्या. आणि त्याच धाग्यावरून विचारते, बायकांच्या डोक्यावर कधी हात ठेवले गेले का?

ग्रंथकीटक
ठेवले गेले, डीकन स्त्रियांच्या. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिरियात रचलेल्या 'प्रेषितीय संविधाना'त बिशपने डीकन स्त्रीवर हात ठेवून म्हणायची प्रार्थना आहे. त्यात मिर्याम, दबोरा, हन्ना, हुल्दा यांची नावं घेतली आहेत. आठव्या शतकातल्या बायझंटाइन हस्तलिखितातही असा विधी आहे आणि तो पुरुष डीकनच्या विधीशी बराच मिळताजुळता. ती दीक्षा म्हणायची की आशीर्वाद, यावर आज जोरदार वाद आहे. स्त्री याजकांबद्दल मात्र १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी दार लावून घेतलं.

रानजाई
दार लावून घेतलं हे बरोबर. बंद झालं म्हणणार नाही.

लॅटिनप्रेमी
@रानजाई, दीक्षेचा अधिकार चर्चला स्वतःच्या मनाने बदलता येत नाही, म्हणून

संपादक
हा विषय वेगळा धागा काढून चालवावा. यापुढचे काही प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

नगरी_मिसळ
आम्ही प्रोटेस्टंट, नगरचे. या वादाचा फटका थेट आमच्यापर्यंत पोहोचला तो असा.

इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेनंतर नवा दीक्षाविधी लिहिला गेला. १५५० च्या आवृत्तीत याजकाच्या हातात बायबलबरोबर चषक आणि भाकरीही देत. १५५२ मध्ये चषक काढून टाकला, फक्त बायबल. म्हणजे तिथल्या सुधारकांनाही चषक हीच दुखरी नस आहे हे पक्कं माहीत होतं. पुढे १८९६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी जाहीर केलं की अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, दीक्षा साफ रद्दबातल. मात्र त्यांनी मुद्दा चषकाचा केला नाही. विधीतल्या शब्दांतून आणि हेतूतून यज्ञ करणारा याजक ही कल्पनाच वगळली, असं त्यांचं म्हणणं.

आता नगरला काय परिस्थिती? अमेरिकन मराठी मिशनवाले आमचे आजोबा, त्यांना बिशपच नको. पलीकडच्या गल्लीत अँग्लिकन, त्यांना बिशपशिवाय दीक्षा नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात हे सगळे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. कोणाची दीक्षा खरी हा प्रश्न सोडवला कसा? वेगवेगळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले आणि देवाला सांगितलं, ज्याच्याकडे जे कमी असेल ते तू दे. तुझं कमी की माझं, हे कोणी बोललं नाही. आमचे आजोबा म्हणायचे, वाटण्या झाल्या बऱ्याच ठिकाणी पाहिल्या, अशी गोळाबेरीज एकदाच पाहिली.

तर्कटी
हे आवडलं. एकूण धाग्यातली सगळ्यांत समजूतदार कृती.

पण मूळ मुद्दा सुटतोय. पाचशे वर्षं एक सांगितलं, मग दुसरं. चूक कबूल केली का नाही रोमने?

ग्रंथकीटक
३० नोव्हेंबर १९४७. पोप पायस बारावे यांनी फर्मान काढलं की डीकन, याजक आणि बिशप, तिन्ही दीक्षांत आवश्यक कृती एकच, हात ठेवणं. याजकासाठी ते पहिले, गप्प राहून ठेवलेले हात. आवश्यक शब्द त्यानंतरच्या प्रार्थनेतले, ते नेमके कोणते तेही सांगितलं. चषक देणं यापुढे वैधतेसाठी लागत नाही. हात डोक्याला प्रत्यक्ष टेकवावेत, पण टेकले नाहीत आणि नुसते वर धरले तरी दीक्षा खोटी ठरत नाही, हेही जोडलं. स्पर्शाच्या शंका पुन्हा नकोत म्हणून.

चूक कबूल केली का? वाक्य मोठं चतुर आहे. चर्चच्या इच्छेने चषक देणं कधी काळी वैधतेसाठी आवश्यक असेलच, तर चर्चने जे ठरवलं ते चर्च बदलू शकते हे सगळे जाणतात. त्या 'असेलच, तर' मध्ये सगळं आलं. होतं असंही म्हटलं नाही, नव्हतं असंही नाही. शिवाय निर्णय पुढच्या दीक्षांना लागू, मागच्या उकरायच्या नाहीत. त्याच फर्मानात फ्लॉरेन्सची एक बाजूही मांडली आहे. त्या परिषदेने ग्रीकांना त्यांचा विधी बदलायला लावला नव्हता.

तर्कटी
वकिलाने लिहिलेलं दिसतंय.

लॅटिनप्रेमी
वकिलाचंच शिक्षण होतं त्यांचं, धर्मकायद्याचं. आणि मला ते वाक्य प्रामाणिक वाटतं. जे ठामपणे माहीत नाही ते ठामपणे म्हटलेलं नाही.

बरं, १९४७ ने काहीही काढून टाकलं नव्हतं हे लक्षात घ्या. चषक, पट्टी, घडीचा झगा सगळं जसंच्या तसं चालू राहिलं. मुंबईकरांनी ते मोठ्या प्रमाणावर पाहिलं डिसेंबर १९६४ मध्ये. पोप पॉल सहावे आले होते, ओव्हलवर त्यांनी सहा बिशपांना दीक्षा दिली. जुन्याच पद्धतीने. वडील स्वयंसेवक म्हणून दोरी धरून उभे होते. ते सांगत, गर्दीतले हिंदू, पारशी, मुसलमान टाचा उंचावून बघत होते आणि मायटर (बिशपची उंच टोपी) डोक्यावर चढला की एकच आवाज व्हायचा. त्याच पोपने चार वर्षांत ती पोथी बदलली.

सुकेळी
बदलली म्हणून तर आम्हाला मराठीत कळू लागली! लॅटिनप्रेमी काका, रागावू नका, पण आजीला जुन्या विधीतलं पट्टीशिवाय काही आठवत नाही, कारण तिला एक अक्षर समजत नव्हतं. मामाच्या दीक्षेत बिशपांनी मराठीत विचारलं, "हा पात्र आहे हे तुम्हाला माहीत आहे का?" तेव्हा ती पहिल्यांदा रडली. ती म्हणते, हे विचारतात हेच मला ठाऊक नव्हतं.

ग्रंथकीटक
तो प्रश्न लॅटिनमध्येही होता आणि त्याचं उत्तर फार गोड होतं. मानवी दुर्बलतेला जेवढं कळू शकतं तेवढ्यावरून सांगतो की पात्र आहेत. शंभर टक्के हमी कोणी देत नाही.

मुळात निवड ही लोकांचीच गोष्ट होती. ३७४ मध्ये मिलानच्या लोकांनी अंब्रोझला बिशप म्हणून उचललं तेव्हा त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. आठवड्याभरात बाप्तिस्मा ते बिशप असा प्रवास झाला. ३९१ मध्ये हिप्पोला ऑगस्टीन नुसता प्रार्थनेला गेला होता, गर्दीने धरून पुढे नेला आणि रडत असतानाच याजक केला.

कडक_चहा
आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी असाच निवडतात. तोही रडत असतो.

बार्देशकार
कनिष्ठ दीक्षांबद्दल कोणीच लिहिलं नाही. माझ्या काकाला राशोलच्या सेमिनरीत द्वारपालाची दीक्षा मिळाली होती. बिशप चाव्या हाताला लावत. मग तो उठून चर्चचं दार लावायचा, उघडायचा आणि घंटा वाजवायचा. मग वाचक, मग भूत काढणारा, मग मेणबत्तीवाला अकोलाइट. काका म्हणायचा, भूत काढायची दीक्षा मिळाली, पण भूत काही मिळालं नाही.

ग्रंथकीटक
त्या पायऱ्या एके काळी खऱ्या नोकऱ्या होत्या. २५१ च्या सुमारास पोप कॉर्नेलियसने एका पत्रात रोमच्या चर्चची हजेरीच दिली आहे. ४६ याजक, ७ डीकन, ७ सबडीकन (डीकनच्या खालची पायरी), ४२ अकोलाइट आणि भूत काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२. पुढे काम गेलं, पायरी राहिली. १९७२ मध्ये पॉल सहावे यांनी द्वारपाल, भूत काढणारा आणि सबडीकन रद्द केले. वाचक आणि अकोलाइट या दीक्षा न राहता सेवा झाल्या आणि २०२१ पासून स्त्रियांनाही खुल्या आहेत.

सबडीकन जाताना एक विलक्षण क्षण गेला. तिथे बिशप उमेदवारांना सांगत, अजून तुम्ही मोकळे आहात, वाटलं तर संसारात परत जा. पुढे आलात तर कायमचं ब्रह्मचर्य. टिकायचं असेल तर पुढे या. आणि उमेदवार एक पाऊल पुढे टाकत. तेवढंच, एक पाऊल.

लॅटिनप्रेमी
हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. माझा एवढाच मुद्दा होता. आज ब्रह्मचर्याचं वचन डीकनच्या दीक्षेत तोंडी घेतात. वचन तेच, पण ते पाऊल कुठे गेलं?

अर्धवट_पुणेकर
एक उरलेला प्रश्न. १९४७ मध्ये चषक लागत नाही असं ठरलं, १९६८ मध्ये पोथी नवी झाली, तरी वसईत चषक दिलाच की! मग ठेवला कशाला?

ग्रंथकीटक
ठेवला, पण त्याचा अर्थ फिरवला. जुन्या विधीत चषक देताना बिशप म्हणत, देवाला यज्ञ अर्पण करण्याचा आणि जिवंतांसाठी व मृतांसाठी मिस्सा करण्याचा अधिकार घे. अधिकारच. १९६८ च्या विधीत चषक आणि तबकडी लोकांमधून वर येते, बहुधा घरचेच आणतात. आणि बिशप म्हणतात, देवाला अर्पण करायचं हे पवित्र प्रजेचं दान घे. तू जे करशील ते समजून घे, जे हाताळशील त्याचं अनुकरण कर.

नव्या रचनेवर काम करणाऱ्या गटाचा प्रमुख बेर्नार बोत हा बेल्जियन बेनेडिक्टीन. बिशपच्या दीक्षेची प्रार्थना तर त्याने थेट त्या 'प्रेषितीय परंपरे'तून घेतली. कारण एक तर ती जुनी, आणि दुसरं म्हणजे कॉप्ट आणि पश्चिम सिरियन चर्चमध्ये तिची रूपं आजही वापरात आहेत. याजकाची प्रार्थना मात्र रोमची जुनीच ठेवली. ती व्हेरोनाच्या हस्तलिखितात सापडते, साधारण सातव्या शतकाच्या सुरुवातीचं ते. १९८९ मध्ये तिच्यात थोडी दुरुस्ती झाली.

कोट्टयम_टू_कल्याण
पश्चिम सिरियन म्हणजे आमचे चुलतभाऊ, केरळातलेच मलंकरावाले. पुन्हा पूर्वेकडूनच उसनवारी!

नगरी_मिसळ
अर्धवटराव, चषक कोणी आणून दिला होता ते आठवतंय का? आई-वडिलांनी की मंडळीतल्या कोणी?

अर्धवट_पुणेकर
आईने. वडील नाहीत त्यांचे. तबकडी धाकट्या बहिणीने आणली होती. मला वाटलं नैवेद्यासारखं काही असेल, म्हणून लक्षच दिलं नाही.

कडक_चहा
ते राहू द्या. जेवायला काय होतं?

सुकेळी
कडक_चहा, पुढच्या मे महिन्यात आमच्या गावात एक दीक्षा आहे. या तुम्ही. पण आधी चर्चमध्ये पूर्ण वेळ बसायचं, मग पंगत. मागच्या दाराने आलेल्यांना वाढत नाहीत.